आमच्या घराची पाहणी

माझा उजवा खुबा झिजला आहे, हे अख्ख्या चाळीला माहीत होतं. ऑपरेशनला आमच्याकडे पैसे नाहीत, हे मात्र कुणालाच माहीत नव्हतं. ते कळू नये म्हणून आमच्या ह्यांनी जेवढी मेहनत घेतली, तेवढी सगळ्यांनी मिळून घेतली असती तर लालबागची एकही गिरणी बंद पडली नसती.

आमचे हे म्हणजे जयवंत तावडे. नुसतं तावडे म्हटलं तर कुणी ओळखणार नाही, तावडेभाऊ म्हणा. दर रविवारी सकाळी मंडळाच्या ऑफिसबाहेर टेबल टाकून बसतात. विधवांची पेन्शन, म्हाताऱ्यांचं मानधन, अपंगांचा दाखला, रेशनकार्डावरचं नाव, कुणाला ट्रस्टच्या हॉस्पिटलात फुकट खाट, सगळं करून देतात. एक पैसा घेत नाहीत. समोरचा माणूस खुर्चीच्या कडेवर बसून चाचरत बोलायला लागला की हे चष्मा काढतात आणि चार लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतात, "लाजायचं काय त्यात? भीक मागतोय का आपण? हक्क आहे तुमचा." हक्क म्हणताना टेबलावर हात पडायचा. वर आमच्या गॅलरीत मला तो आवाज यायचा आणि खरं सांगते, फार बरं वाटायचं. बाजारात गेले की कोळणीसुद्धा मला आधी बघायच्या. भाऊंच्या वहिनी म्हणून एखादा बोंबील जास्त पडायचा पिशवीत.

गिरणी गेल्यावर ह्यांनी माझगावला एका गोदामाच्या ऑफिसात कारकुनी केली. लॉकडाऊनमध्ये तेही बंद झालं. तेव्हापासून गिरगावात ठाकूरद्वारला एका वकिलाकडे आठवड्यातून दोन-तीनदा जातात, कागद लावून देतात. चाळीत सांगतात, ऑफिसला जातो. इस्त्रीचा शर्ट, हातात बॅग, सगळं साग्रसंगीत. मी मालवणी मसाला भाजून द्यायचे. उन्हाळ्यात दम घ्यायला फुरसत नसायची इतकं काम असायचं. पण मसाला उभं राहून भाजावा लागतो आणि मला उभं राहता येईना. ते गेलं. मुलगी अपेक्षा बदलापूरला दिलेली, तिच्या सासरी आमची परिस्थिती कळता कामा नये हा ह्यांचा कडक नियम. फोनवर मी तिला सांगायची, पाय जरा दुखतो, बाकी मजेत.

चाळीत आजारपणाचं एक मोठं दुखणं असतं, ते म्हणजे संडास. आमचा गॅलरीच्या पार दुसऱ्या टोकाला. कठड्याला धरून, एकेक दार मोजल्यासारखं करत जायचं आणि प्रत्येक दारातून कुणीतरी विचारणार, काय वहिनी, आज कसं काय. मी पाणी पिणं कमी केलं. डॉक्टर म्हणाले, सांधा बदलायला हवा, आणखी ओढत राहिलात तर पुढे बदलूनही नीट चालता येईल याची खात्री देत नाही. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे डॉक्टरांच्या टेबलावरच्या हाडाच्या सांगाड्याकडे बघत होते.

परळच्या ट्रस्टच्या हॉस्पिटलांत गरिबांसाठी खाटा राखून ठेवलेल्या असतात, हे लालबागमध्ये ह्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? किती जणांना ह्यांनी हाताला धरून तिथे नेलं. मी म्हटलं, "आपण का नाही अर्ज करत?" तर म्हणाले, "मालन, आपल्यापेक्षा गरजू माणसं आहेत. त्यांची जागा आपण अडवायची?"

मला तेव्हा ते पटलं. पटलं म्हणजे काय, नवऱ्याचं मन किती मोठं आहे असंसुद्धा वाटलं. दुखत असताना माणूस असल्या गोष्टींचाही आधार घेतो. त्या मोठ्या मनाच्या आधारावर मी वर्षाहून जास्त काळ कठडा धरून चालले.

मग एका दुपारी मला पोचता आलं नाही. अर्ध्या गॅलरीतच. मी तिथेच कठड्याला टेकून उभी राहिले, साडी भिजलेली, पाय हलेना. आमच्या शेजारच्या खोलीतली दमयंती बाहेर आली. ही दमयंती माझगावच्या कोळ्यांची, लालबाग मार्केटात सुकी मासळी विकते, नवरा हरेश्वर जाऊन बरीच वर्षं झाली. तिने काही विचारलं नाही. आत जाऊन बादली आणली, सगळी गॅलरीत ओतली आणि मोठ्याने म्हणाली, "अगं बाय, माझ्या हातून बादली सांडली, वहिनींची साडी भिजवली बघा मी." मग मला धरून घरात आणलं. संध्याकाळी हे आले तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं, एकही शब्द गाळला नाही. ते बराच वेळ बूट न काढता बसून राहिले. दुसऱ्या दिवशी जाऊन अर्ज देऊन आले.

हॉस्पिटलातून सांगितलं, आमच्या सुचित्रा मॅडम घरी येऊन पाहणी करतील, आजूबाजूला दोघा-तिघांशी बोलतील, मग खाट ठरेल. हे तोंड एवढंसं करून घरी आले. पाहणीच्या आदल्या संध्याकाळी गॅलरीत उभ्या असलेल्या हितेंद्रला, म्हणजे आमच्या मंडळाच्या अध्यक्षाला, तेवढं म्हणाले, "उद्या हॉस्पिटलच्या मॅडम घरी येणार आहेत."

"तुमच्याकडे? काय भाऊ, शिबिराचं काय?" हितेंद्रने विचारलं. मंडळाचं रक्तदान शिबिर हेच घेतात, त्यामुळे त्याला तेच सुचलं.

हे म्हणाले, "बघू, काय म्हणतात त्या."

बस. एवढंच. खोटं बोलले नाहीत, असं ते अजूनही म्हणतात.

आता आमच्या चाळीची एक रीत सांगायला हवी. मुलगी बघायला पाहुणे येणार असले की ते घर एकट्याचं राहत नाही. एकाकडून खुर्च्या येतात, दुसऱ्याकडून ट्रे, तिसरीकडून नवीन बेडशीट. पाहुण्यांनी नुसतं बघावं आणि जावं, कुणाची वस्तू कुणाची ते चाळीच्या पोटात. अपेक्षाच्या वेळी चार घरांचं सामान आमच्याकडे आलं होतं. त्यामुळे भाऊंकडे मोठ्या हॉस्पिटलच्या मॅडम येणार म्हटल्यावर कुणाला वेगळं सांगावं लागलं नाही. सकाळी सकाळी हितेंद्र आणि मंडळातला वैभव दोघं मिळून हितेंद्रचा नवा सोफा उचलून घेऊन आले. पलीकडच्या खोलीतल्या रश्मीने पडदे लावले. कुणीतरी टेबलफॅनच्या जागी तो उंच उभा पंखा आणून ठेवला. दमयंतीने सोनेरी काठाचे कप दिले, हरेश्वर बोटीवर असताना बाहेरून आणलेले. फळांची एक टोपलीसुद्धा आली.

मी हे सगळं बघत होते. मला तोंड होतं. मी म्हणू शकले असते, अरे बाबांनो, आमची गरिबी बघायला येतायत त्या, उचला हे सगळं. पण रश्मी पडदा ओढून म्हणाली, "वहिनी, किती छान दिसतंय घर," आणि मला खरंच छान दिसलं. किती दिवसांनी मी त्या खोलीत मऊ जागेवर बसले होते. दुखत नव्हतं तिथे बसल्यावर. मी गप्प बसले आणि हेही गप्प बसले, दोघंही एकमेकांकडे न बघता.

सुचित्रा मॅडम आल्या. वयाने अपेक्षाएवढ्या, बोलायला अगदी गोड. सोफ्यावर बसल्या, पंख्याचा वारा घेतला, सोनेरी काठाच्या कपातून चहा घेतला. "काका, उत्पन्न सध्या काय आहे?" त्यांनी विचारलं. ह्यांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "चाललंय." रविवारच्या टेबलावर असं कुणी म्हटलं असतं तर ह्यांनीच त्याला झाडलं असतं. नीट सांग, आकडा सांग, चाललंय म्हणजे काय.

मग मॅडम गॅलरीत गेल्या. आमच्या दाराशीच हितेंद्र उभा होता. "भाऊंना काय कमी आहे मॅडम," तो म्हणाला, "अर्ध्या लालबागला तेच देतात. त्यांच्यावर कुणाकडे मागायची वेळ कशाला येईल?" एवढ्या अभिमानाने बोलला बिचारा. दमयंती म्हणाली, "खाऊन-पिऊन सुखी आहेत आमचे भाऊ." मी आत बसून ऐकत होते. अंगाला घाम फुटला होता, तो उंच पंखा समोर असून.

आठवड्याभराने फोन आला. ह्यांनी स्पीकरवर टाकला. मॅडम अवघडून म्हणाल्या, "काका, वाईट वाटून घेऊ नका, पण तुमची परिस्थिती आमच्या गरीब रुग्णांच्या नियमात बसत नाहीये. थोडी सवलत मिळू शकेल, बघा जमतंय का." थोडी सवलत मिळूनही बाकीचे पैसे आम्ही जन्मात भरू शकलो नसतो. ह्यांनी फोन ठेवला. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि मला जे दिसलं ते मी आयुष्यात विसरणार नाही. त्यांना हायसं वाटलं होतं.

"बघ," ते म्हणाले, "मी म्हणत होतो ना, आपण त्यातले नाही."

"कुणातले?" मी विचारलं.

त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"कुणातले नाही आपण? त्या दर रविवारी टेबलासमोर बसतात त्यांच्यातले?"

"गप ऱ्हव जरा. लोक ऐकतील."

"हक्क आहे म्हणता ना त्यांना? टेबल बडवून बडवून? मग आपला का नाही? आपल्या बाबतीत ती भीक कशी झाली?"

ह्यांनी उठून रेडिओ लावला. रेडिओवर काय चाललं होतं कुणास ठाऊक. मला एकच कळत होतं, की इतकी वर्षं ज्यांच्यासाठी हा माणूस पायऱ्या झिजवत होता, ते सगळे त्याच्या मनातल्या मनात भिकारीच होते. हक्क हा शब्द ते मोठ्याने म्हणायचे, कारण त्यांचा स्वतःचा त्यावर विश्वास नव्हता. आणि मी वर गॅलरीत उभी राहून तो आवाज ऐकून फुगायची. मला त्यांची लाज वाटली आणि माझी त्याहून जास्त वाटली.

मी उठले. कठडा धरून दमयंतीच्या दाराशी गेले. ती सुकट निवडत बसली होती. मला बघून तिने चटकन स्टूल पुढे केलं. मी बसले आणि सगळं सांगितलं. मॅडम कशासाठी आल्या होत्या, अर्ज कसला होता, वकिलाकडचं काम, बंद पडलेला मसाला. बोलताना माझी मान खाली होती. सगळं झाल्यावर म्हटलं, "दमयंतीताई, मॅडमना तेवढं खरं सांगशील का? तुझ्या तोंडून सांगितलं तर त्यांना पटेल."

ती सुकट निवडतच राहिली. मग म्हणाली, "मला माहीत होतं, वहिनी."

"काय?"

"तुमच्याकडे काही नाही ते. एक भिंत मध्ये आहे आपल्या. फोडणीचा आवाज किती दिवसांत आला नाही, ते कळत नाही का मला?"

"मग मॅडमना तसं का सांगितलंस? खाऊन-पिऊन सुखी?"

तिने हात झटकले, पदराला पुसले. माझ्याकडे न बघता बोलायला लागली. "माझ्या पेन्शनची चौकशी झाली होती ना, हरेश्वर गेल्यावर, तेव्हा तुम्ही गावाला होता, तुमच्या आईंच्या वर्षश्राद्धाला. भाऊच घेऊन आले होते त्या साहेबांना. साहेब दारातूनच बघत होते, चांगला माणूस होता. पण भाऊ आत आले. फळीवरचे डबे एकेक करून काढले आणि उघडून दाखवले. हा बघा साहेब, रिकामा. हा पण रिकामा. सगळी गॅलरी दारात उभी होती. माझा निमेश तेव्हा दहावीत. तो कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभा राहिला होता. भाऊंनी माझ्या चांगल्यासाठीच केलं, मी कुठे नाही म्हणते? पेन्शन मिळाली मला. अजून खाते तीच."

माझा हात नकळत तिच्या सुकटीकडे गेला, मीही निवडायला लागले.

"निमेश अजून ह्या चाळीत येत नाही. मला म्हणतो, आई तूच ये विरारला." ती पुन्हा सुकटीकडे वळली. "त्या दिवशी मॅडम चौकशी करत तुमच्या दारात उभ्या राहिल्या आणि पाठीमागे सगळे जमलेले, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे तेच आलं. म्हटलं, वहिनींवर नको ही वेळ. म्हणून बोलून गेले. तुमचं नुकसान करायचं नव्हतं मला."

मी तिचा हात धरला. हातांना सुकटीचा वास येत होता आणि मी तो घट्ट धरून ठेवला. वाटलं, बायकोनं नवऱ्यासाठी माफी मागायची असते की नसते? कुठल्या तोंडाने मागायची? मी तिच्याच खोलीतून मॅडमना फोन लावला. म्हटलं, "मॅडम, मी मालन तावडे. त्या दिवशी जे बघितलंत त्यातलं काहीच आमचं नव्हतं. सोफा नव्हता, पंखा नव्हता, कपसुद्धा नव्हते. आम्हाला लाज वाटली म्हणून आम्ही गप्प बसलो. तुम्ही पुन्हा येऊ शकाल का?" मग त्या म्हणाल्या, "येते, काकू."

ह्यांना मी घरी येऊन सांगितलं. डब्यांचंही सांगितलं. ते म्हणाले, "अगं, पण तिचं काम झालं ना त्याने." थोड्या वेळाने ते आपणहूनच म्हणाले, "निमेश तिथे होता हे मला आठवतच नाही." ते खरं असणार. आठवत असतं तर इतकी वर्षं दमयंतीला दारातून हाक मारून रविवारी गर्दी किती होती ते सांगत बसले नसते.

मॅडम दुसऱ्यांदा आल्या त्या भर दुपारी. चाळ जागी होती, गॅलरीत माणसं होती. हितेंद्र लगेच पुढे आला, वैभव आला, रश्मी कडेवरचं मूल घेऊन आली. हे दाराच्या चौकटीत उभे होते, आत की बाहेर ते त्यांचं ठरेना. तेवढ्यात दमयंती गर्दीतून आली, मॅडमना आत घेतलं आणि ह्यांना म्हणाली, "भाऊ, तुम्ही जरा बाहेर थांबा." मग तिने दार लावून घेतलं.

दिवसाउजेडी आमच्या चाळीत दार कोण लावतं? मयत झालं किंवा बाळंतीण असली तरच. कडी घातल्याचा आवाज आला आणि बाहेरचं बोलणं एकदम थांबलं. आत आम्ही तिघी. मॅडम खाली चटईवर बसल्या. दमयंतीने डबे दाखवले नाहीत, काहीच दाखवलं नाही. हळू आवाजात सांगितलं, काय येतं, काय जातं, मी पाणी का पीत नाही, गॅलरीत काय झालं होतं. माझ्या वतीने तिने सांगितलं आणि मी नुसती मान डोलावली. एकदा मला रडू आलं तेव्हा तिने तोंड दुसरीकडे केलं. मॅडमनी फारसं विचारलंच नाही. उठताना म्हणाल्या, "काकू, मी ह्याच आठवड्यात कळवते. काळजी करू नका, खाट मिळेल तुम्हाला."

दार उघडलं तेव्हा गॅलरीत फक्त हे होते. बाकीच्यांना त्यांनीच घालवलं असावं. मॅडम खाली गेल्या. दमयंती आपल्या घराकडे वळली तर हे तिच्यापुढे आले. इतकी वर्षं लोकांशी बोलून बोलून ज्या माणसाचा आवाज तयार झालाय, त्याला शब्द जुळवता येईनात.

"दमयंतीताई," ते शेवटी म्हणाले, "तेव्हा दार लावता येईल, हे मला सुचलंच नाही."

दमयंती रागावली नाही. अगदी साधेपणाने, हिशेब सांगावा तसं म्हणाली, "सुचलं असतं भाऊ. ती वहिनींची चौकशी असती तर सुचलं असतं."

ती आत गेली. हे कठड्याला धरून उभे राहिले. माझा नवरा होता तो, मला त्याच्या बाजूने काहीतरी बोलायचं होतं. मी शोधून बघितलं. मला काही सापडलं नाही.